सगळं रविवारवर ढकलू नका

वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न बारमाही असतो. फक्त विचारणाऱ्यागणिक त्याचं रूप बदलतं. कुणाला सुटीच्या दिवशी काय करावं ते सुचत नाही. कुणाला मुलांना मोबाइलवरून उठवायचंय, पण उठवून कुठे न्यायचं ते कळत नाही. कुणी नुकतेच निवृत्त झालेत, वेळ भरपूर आहे आणि दिवस खायला उठतो. कुणी मोठ्या हौसेनं गाण्याचा क्लास लावला, दुसऱ्या महिन्यात तो सुटला आणि भरलेली फी तेवढी डोक्यात राहिली.

यातल्या बहुतेकांची अडचण पैशांची नसते, वेळेचीही नसते. आठवड्याचा सगळा आनंद रविवारच्या नावावर लिहून ठेवलेला असतो, तिथे घोटाळा होतो. रविवारी नेमका प्लंबर येतो, मुलांचा प्रोजेक्ट निघतो, दुपारची झोप लांबते. संध्याकाळी पाच वाजता 'चला, कुठेतरी जाऊ' म्हणून निघावं तर सगळं गाव त्याच रस्त्यावर आलेलं असतं. म्हणून या लेखातला सल्ला एवढाच आहे की रविवारचा भार हलका करा आणि करमणूक साध्या वारांवर वाटून टाका. ते कसं जमवायचं, कुठे जायचं, कुठे फसगत होते आणि कोणत्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे, ते खाली पाहू.

सुरुवात अशी करा

1. गेल्या आठवड्यात फोनवर किती वेळ गेला ते पाहा. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' असा पर्याय सेटिंगमध्ये असतो. स्वतःला बोल लावण्यासाठी हे करायचं नाही. 'वेळच नाही' या वाक्याचा हिशेब एकदा लागावा, इतकंच.
2. आठवड्यातले दोन अर्धे तास ठरवा आणि ते एखाद्या नेहमीच्या कामाला चिकटवा. गुरुवारी मुलाला क्लासला सोडल्यावर तो सुटेपर्यंतचा वेळ, मंगळवारी रात्री ओटा आवरून झाल्यावरचा वेळ, असं. 'रोज सकाळी लवकर उठून' हा बेत शक्यतो नको. तो आठवडाभरही टिकत नाही.
3. बाहेरची एकच फेरी ठरवा, दोन-तीन तासांची. तिचं तिकीट, चौकशी, सोबत कोण हे सगळं बुधवारपर्यंत नक्की करा. शनिवारी ठरवायला बसलात की ठरवण्यातच शनिवार जातो.
4. त्या संध्याकाळी जेवणाचं काय, हे आधी ठरवा.

चौथा मुद्दा किरकोळ वाटेल, पण बहुतेक बेत तिथेच फिसकटतात. आपल्याकडे घरातल्या बाईचा सगळ्यात कामाचा दिवस म्हणजे रविवार. सगळे घरी, सगळ्यांना निवांत नाश्ता, दुपारी साग्रसंगीत जेवण, वर 'संध्याकाळी काहीतरी चमचमीत कर'. तिच्या वाट्याला करमणूक यायची तर तिचा वार वेगळा हवा आणि त्या वारी स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायला हवा. खिचडी-पापड जमणारा माणूस प्रत्येक घरात एखादा तरी निघतो. निघत नसेल तर आठवड्याचा पहिला 'शिकण्याचा' तास कुकर लावायला शिकण्यात घालवा. हे मी गमतीनं म्हणत नाही.

ग्रंथालय : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरलेला पर्याय

महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली मान्यता व अनुदान मिळालेली ग्रंथालयं हजारोंनी आहेत. मोठ्या शहरांतली जुनी नावं तुम्हाला ठाऊक असतील. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 पासूनचं. गोव्यात पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 मध्ये सुरू झालं आणि आज ते पाटो भागातल्या नव्या इमारतीत आहे. पण तालुक्याच्या गावी, उपनगरात, एखाद्या देवळाच्या माडीवरही मान्यताप्राप्त वाचनालय असतं आणि शेजारच्या इमारतीत राहणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसतो.

सभासद होण्यासाठी साधारणपणे एक अर्ज, ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत, फोटो, परत मिळणारी अनामत आणि मासिक वा वार्षिक वर्गणी लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस मागतात. तुमच्या ओळखीत कुणी नसेल तर संकोच न करता ग्रंथपालांनाच विचारा, तेच वाट सांगतात. जाण्याआधी एवढं विचारून घ्या :

- एका वेळी पुस्तकं किती मिळतात, आणि त्यासोबत मासिक वेगळं मिळतं का?
- कपाटापर्यंत जाऊन पुस्तक निवडता येतं, की चिठ्ठी देऊन मागवावं लागतं? पहिल्या प्रकाराला मुक्तद्वार म्हणतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर मुक्तद्वार असलेलं ग्रंथालयच पाहा.
- उशिराचा दंड किती, आणि अनामत परत घेण्याची पद्धत काय? अनामतीची पावती जपून ठेवा. ती हरवली की पुढचं सगळं आठवणीवर चालतं.
- साप्ताहिक सुटी कोणत्या वारी? दुपारची मधली सुटी असते का?
- दिवाळी अंकांची योजना आहे का?

या शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं अधिक. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. आज बाजारात दर दिवाळीला शेकडो अंक येतात आणि एकेकाची किंमत पाहता चार-पाचांपलीकडे घरी घेणं कुणाला परवडत नाही. ग्रंथालयं ठरावीक जादा वर्गणी घेऊन दिवाळीनंतर काही महिने हे अंक फिरते ठेवतात. आठवड्याला दोन अंक म्हटले तरी मार्च उजाडेपर्यंत पुरतात. ज्यांना 'पुस्तक लावून धरवत नाही' त्यांनी इथूनच सुरुवात करावी. एक कथा, एक लेख वाचला, बाकीचा अंक परत केला तरी कुणी विचारत नाही.

पुस्तकांच्या बाबतीतही तेच धोरण ठेवा. पन्नास पानांत मन लागलं नाही तर पुस्तक परत करा. घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे असं कोणत्याही ग्रंथालयाच्या नियमावलीत लिहिलेलं नाही. आणि काय वाचावं असा प्रश्न पडला तर देवघेवीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला 'चांगलं पुस्तक कोणतं' असं विचारू नका. 'इथले लोक कोणतं पुस्तक परत परत नेतात' असं विचारा. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नक्की असतं.

आठवडी बाजार : खरेदीच्या पिशवीत शिकणं

हा पर्याय यादीत पाहून काहींना नवल वाटेल. बाजार म्हणजे काम, त्यात कसली करमणूक? पण घाई न करता गेलात तर महाराष्ट्रातल्या आठवडी बाजाराइतकी भरगच्च शाळा दुसरी नाही, आणि ती दर आठवड्याला भरते. तुमच्या गावचा किंवा जवळच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते शोधा. एरवी ज्या बाजारात वीस मिनिटांत पिशवी भरून निघता, तिथे एकदा तासभर द्या आणि एका वेळी एकच गोष्ट पाहायची ठरवा. आज फक्त कडधान्यं, पुढच्या खेपेला सुकी मासळी, त्याच्या पुढे मिरच्यांचे प्रकार.

पावसाळ्यात मात्र दुसरं काही ठरवू नका, रानभाज्या पाहा. कोकणपट्टीत, ठाणे-पालघर-रायगडात आणि मुंबईच्या उपनगरी स्टेशनांबाहेर ठाकर, कातकरी, वारली बाया टोपल्या घेऊन बसतात. जूनच्या सुरुवातीला शेवळं येतात, मग टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, करटोली. शेवळांच्या जुडीशेजारी बोराएवढी हिरवी आंबट फळं मांडलेली दिसतात, ती काकडं. नवखं गिऱ्हाईक नुसती शेवळं उचलतं आणि चालू लागतं. बाई त्याला हाक मारून परत बोलावते, कारण काकडांशिवाय शिजवलेली शेवळं खाल्ली तर घसा खाजतो. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि काकडाच्या किंवा चिंच-आमसुलाच्या आंबटपणाने त्यांचा त्रास कमी होतो, ही त्यामागची रसायनशास्त्राची बाजू. टोपलीवाल्या बाईला ही बाजू ठाऊक असो वा नसो, भाजी तिलाच नीट येते.

म्हणून रानभाजी घेताना हे पाळा :

- विकणारीला 'ही कशी करायची' हे विचारल्याशिवाय भाजी घेऊ नका. नेमकं काय विचारायचं? काय टाकून द्यायचं, आधी उकडायची का, आंबट घालायचं का.
- एका वेळी एकच नवी भाजी, तीही थोडी. काही त्रास झाला तर कशाने झाला ते कळतं.
- फोटो पाहून स्वतः रानात तोडायला जाऊ नका. अळंब्यांच्या बाबतीत तर मुळीच नको.
- घासाघीस आवरती घ्या. ती जुडी कुणीतरी पहाटे चढण चढून खुडून आणलेली असते.

कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास अनेक जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाज्यांची नावं लावून ठेवलेली असतात. ओळख पक्की करायला ती चांगली जागा.

गच्ची, खिडकी आणि भिंतीवरचं कालनिर्णय

आकाशदर्शन म्हटलं की लोक दुर्बिणीच्या किमती विचारू लागतात. पहिलं वर्षभर दुर्बीण घेऊ नका. त्याऐवजी भिंतीवरचं कालनिर्णय काढा. 1973 पासून ते बहुतेक मराठी घरांत आहे, पण त्याच्या चौकोनातल्या बारीक अक्षरांकडे संकष्टी आणि एकादशीपलीकडे कुणी पाहत नाही. तिथे रोजचं नक्षत्र छापलेलं असतं. नक्षत्र म्हणजे त्या दिवशी चंद्र आकाशाच्या सत्तावीस भागांपैकी कोणत्या भागात आहे त्याची नोंद. चंद्र एका दिवसात साधारण 13 अंश सरकतो, म्हणजे दिवसाला जवळपास एक नक्षत्र. याचा अर्थ तारे ओळखण्यासाठी लागणारा नकाशा तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे.

वापर सोपा आहे. माघ-फाल्गुनात शुक्ल पक्षातल्या सप्तमी ते नवमीच्या सुमारास कृत्तिका किंवा रोहिणी हे नाव दिसेल तो दिवस हेरा. त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर गच्चीवर जा. रोहिणीच्या दिवशी चंद्राच्या आसपास नारिंगी झाक असलेला ठळक तारा शोधा, तीच रोहिणी. कृत्तिका हा बारीक ताऱ्यांचा पुंजका आहे. चंद्राच्या उजेडात तो पुसट होतो, तेव्हा चंद्राला हाताआड करून पाहा. मग जवळच्या मृगात एका ओळीतले तीन तारे दिसतील. ती ओळ एका बाजूला वाढवली की रोहिणीकडे जाते, दुसऱ्या बाजूला वाढवली की व्याधावर पोचते. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, तो चुकत नाही. एवढं ओळखता आलं की पुढच्या आठवड्यात तुम्ही घरच्यांना दाखवत असता. मघा आणि चित्रा यांचे ठळक तारेही चैत्र-वैशाखात असेच सापडतात.

घरात मुलं असतील तर त्यांना एक काम द्या. सलग चार-पाच दिवस चंद्र कधी उगवला ती वेळ लिहायची. पौर्णिमेनंतर हे करणं सोयीचं. सरासरी 50 मिनिटांनी तो रोज उशिरा येतो आणि म्हणूनच संकष्टीचा चंद्रोदय रात्री नऊच्या आगेमागे होतो, हे त्यांचं त्यांना कळू द्या. आधी सांगून टाकलंत की गंमत गेली.

सोबत हवी असेल तर हौशी लोकांच्या संस्था आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून काम करते. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतं. पावसाळ्याचे चार महिने हा छंद बंद. त्या काळात बाजाराच्या पिशवीवर भागवा.

दिवसा करायचं म्हटलं तर झाडं आहेतच. आठवड्याला एक झाड, रोजच्या रस्त्यावरचंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि आपलं राज्यपुष्प ताम्हण. मराठीतून वाचायचं तर डॉ. शरदिनी डहाणूकरांचं 'फुलवा' आणि 'वृक्षगान' ग्रंथालयात मागा. पक्ष्यांसाठी 'मर्लिन' हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मोफत ॲप आवाजावरूनही पक्षी सुचवतं. पण ते सुचवतं, निकाल देत नाही. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नाव लिहू नका.

नाटक : तिकीट काढण्याआधी

व्यावसायिक नाटकाचं तिकीट साधारण तीनशे ते पाचशे रुपयांच्या घरात जातं. चौघांचं कुटुंब, येणं-जाणं आणि मध्यंतरातले बटाटेवडे धरले की महिन्याला एक नाटक पुरे. ते कोणतं पाहायचं यावर थोडा विचार करायला हरकत नाही. वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात अजूनही सर्वांत उपयोगी, कारण कोणत्या नाट्यगृहात कोणत्या वेळी कोणता प्रयोग हे एका पानावर दिसतं. खिडकीवरचं तिकीट आणि ॲपवरचं तिकीट यांत सुविधा शुल्काचा फरक असतो. नाट्यगृह वाटेवर असेल तर खिडकी गाठा, आसनांचा तक्ता समोर ठेवून जागा निवडता येते. बाल्कनीला नाक मुरडू नका. आवाज स्वच्छ असलेल्या नाट्यगृहात बाल्कनीची पहिली रांग ही खालच्या सोळाव्या रांगेपेक्षा केव्हाही चांगली. 'मध्यंतराआधी एक तास दहा मिनिटं' अशी माहिती द्वारपालाकडून मिळते, ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर ती विचारून घ्या.

परवडत नाही म्हणून नाटकच पाहत नाही, असं मात्र करू नका. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी राज्यातल्या अनेक केंद्रांवर होते, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, आणि तिकीट अगदी नाममात्र असतं. प्रयोग साध्या वारी संध्याकाळी असतात, म्हणजे आपल्या बेतात नेमके बसणारे. दर्जा वरखाली असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. एखादं नाटक अर्ध्यात सोडून यावंसं वाटेल. पण एखाद्या जिल्ह्याच्या गावची हौशी मंडळी, दिवसभर नोकरी करून तालमी केलेली, असा काही प्रयोग करतात की पुढचे दोन दिवस डोक्यातून जात नाही. पुण्यात असाल तर पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहा. 1963 पासून ही स्पर्धा महाविद्यालयांना वेड लावते आहे.

व्याख्यानांना तर तिकीटच नसतं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला 21 एप्रिल ते 20 मे या काळात होते. राज्यभर तालुक्या-तालुक्याला अशा व्याख्यानमाला आहेत. वक्ता कोण यापेक्षा विषय काय ते पाहून जा. नावाजलेला वक्ता जुनंच भाषण पुन्हा करण्याची शक्यता जास्त.

संग्रहालय, लेणी, किल्ला : आधी वार पाहा

इथे होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे बंद दारापर्यंतचा प्रवास.

- सोमवारी बंद : अजिंठा, घारापुरी, मुंबईचं नेहरू तारांगण, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.
- मंगळवारी बंद : वेरूळ. अजिंठा आणि वेरूळ एका सहलीत करणाऱ्यांनी हे दोन वार वहीत लिहूनच ठेवावेत.
- भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. 18 एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी आणि 19 नोव्हेंबरला, वारसा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, बहुतेक वर्षी सगळ्यांनाच मोफत प्रवेश जाहीर होतो. गर्दीही त्याच प्रमाणात.

संग्रहालय एका दिवसात 'पूर्ण' करू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हजारो वस्तू आहेत आणि सगळ्या पाहायला गेलात तर दीड तासानंतर फक्त पाय दुखल्याचं लक्षात राहतं. एकच दालन घ्या. नुसते अडकित्ते पाहिलेत तरी पुरे. सुपारी कातरायच्या एवढ्याशा अवजाराला कुणी मोराचा, कुणी घोड्याचा, कुणी माणसाचा आकार दिलाय. मुलाला वही-पेन्सिल द्या आणि तीन अडकित्ते काढायला सांगा. तो घाईघाईनं काढून मोकळा होईल, मग त्याला विचारा, पातं नेमकं कुठे जोडलंय? तो परत जाऊन पाहील. खीळ कुठे आहे, दोन दांड्या कशा उघडतात, शेपटीचा दांडा कसा केलाय, हे त्याला त्या दुसऱ्या खेपेला दिसतं.

किल्ल्यांबद्दल एवढंच. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून रायगड, शिवनेरी, लोहगडावर शनिवार-रविवार काय गर्दी असते ते सांगायला नको. जमलं तर साधा वार काढा.

क्लास लावण्याआधी, ॲप घेण्याआधी

शिकण्याच्या उत्साहात खिसा सर्वांत आधी रिकामा होतो. क्रम उलटा ठेवा. पेटी, गिटार, कॅमेरा, रंगांचा महागडा संच यांतलं काहीही पहिल्या दोन महिन्यांत विकत घेऊ नका. उसनं किंवा भाड्यानं मिळवा. वार्षिक फीवर 'आजच भरल्यास अर्धी सूट' असं कुणी म्हणालं की महिन्याचीच फी भरा, सूट गेली तरी चालेल. एक तास बसून पाहू द्या, असं सांगा. जो शिकवणारा त्याला तयार होत नाही तिथे जाऊ नका.

फुकट आणि उत्तम म्हणावं असं बरंच आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. 'बालभारती'च्या 1971 पासूनच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत. मुलांसाठी म्हणून उघडाल आणि स्वतःच वाचत बसाल. केंद्र सरकारच्या 'स्वयं'वर अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तरच शुल्क. प्रमाणपत्र नोकरीत उपयोगी पडणार नसेल तर तो नाद सोडा.

तुमचे हक्क

करमणुकीच्या बाबतीत आपण सहसा 'जाऊ द्या' म्हणतो. पण या गोष्टी ठाऊक असू द्या.

- चित्रपटगृह : बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास चालक मनाई करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. पण पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत द्यावंच लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडिलांना नेता येतं. पाणी कुठे आहे ते विचारा. बाटलीच घ्या म्हणाले तर व्यवस्थापकाला बोलवा.
- छापील किंमत : बंद बाटलीवर किंवा पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. एकाच वस्तूवर दुकानात एक आणि चित्रपटगृहात दुसरी छापील किंमत ठेवण्यास 2018 पासून बंदी आहे.
- आपोआप कापले जाणारे पैसे : ओटीटी किंवा ॲपची वर्गणी कार्डावरून आपोआप जात असेल तर रक्कम कापण्याआधी किमान 24 तास सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवश्यक आहे. तो संदेश दुर्लक्षू नका. बँकेच्या ॲपमध्ये किंवा यूपीआयच्या 'ऑटोपे' विभागात जाऊन परवानगी रद्द करता येते. सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हा प्रकार 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या क्लृप्त्यांत मोडतो.
- क्लासची फी : पावतीवर 'पैसे परत मिळणार नाहीत' असं छापलं म्हणून विषय संपत नाही. कबूल केलेली सेवाच दिली नाही किंवा त्रुटी ठेवली तर पैसे परत न करणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. मात्र तुम्हीच कंटाळून सोडलंत तर बाजू लंगडी पडते, म्हणून वर महिन्याच्या फीचा आग्रह धरला.
- साप्ताहिक सुटी : महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती दिलेली आहे. ती बुडाली तर बदली सुटी मागा, लेखी मागा. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना हा कायदा लागू नाही. त्यांचा वार तुम्हीच ठरवायचा आहे.
- दिव्यांग व्यक्ती : करमणूक, संस्कृती आणि खेळ यांत सहभागाचा हक्क 2016 च्या कायद्याच्या कलम 29 आणि 30 मध्ये आहे. नाट्यगृहात चाकाच्या खुर्चीसाठी वाट आणि जागा आहे का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. नसेल तर लेखी कळवा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिकिटाच्या बनावट संकेतस्थळावर किंवा 'कस्टमर केअर' म्हणून शोधून लावलेल्या नंबरवर पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा. इथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

ज्यांना घर सोडता येत नाही

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणारे, लहान बाळाची आई, गुडघ्यांनी दगा दिलेले आजी-आजोबा यांना वरचं बरंचसं लागू पडत नाही. त्यांच्यासाठी पहिला उपाय रेडिओ. 'न्यूज ऑन एआयआर' या ॲपवर आकाशवाणीची देशभरातली केंद्रं ऐकू येतात. सांगलीत वाढलेल्या आणि आता मुलाकडे बंगळूरला असलेल्या आजींना सांगली केंद्र लावून द्या. हात मोकळे राहतात आणि डोळ्यांवर ताण येत नाही.

दिसत नाही किंवा छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी 2016 मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. नोंदणी करताना अपंगत्वाचा दाखला लागतो, तो आधी स्कॅन करून ठेवा. काही ग्रंथालयं घरपोच पुस्तकं देतात. तुमचं देत नसेल तर सोसायटीतल्या कुणाला तरी दोन कार्डं घेऊन जायला सांगता येतं, बहुतेक ग्रंथपाल हरकत घेत नाहीत.

आणि देखभाल करणाऱ्याला आठवड्यातून दोन तास सुटका हवीच. नातेवाईक 'काही लागलं तर सांग' म्हणतात, तेव्हा 'सांगेन' म्हणून फोन ठेवू नका. वार आणि वेळ सांगा : बुधवारी चार ते सहा येऊन बस. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर आणि चहा-साखरेचे डबे कुठे आहेत ते एका कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि घराबाहेर पडा.